मेजर, त्या दिवशी तुमचा बडी कुठं होता?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. ओळख पटू नये म्हणून थोडक्यात देते.

लिहिणारे गृहस्थ ५९ वर्षांचे. १९८५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि २४ वर्षं नोकरी करून २००९ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. यंदाच्या २६ जानेवारीला गावच्या शाळेनं त्यांना झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांनी काळ्या ट्रंकेतली ओजी (ऑलिव्ह ग्रीन) वर्दी काढली, कांजी घालून कडक इस्त्री केली आणि रात्री अकरापर्यंत बूट घासले. सकाळी बायको म्हणाली, ‘शर्ट तटतटतोय.’ यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ध्वजस्तंभाजवळ थांबताना सवयीनं पाय आपटला आणि उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. सलामीला हात वर गेला तेव्हा काखेतली शिवण टर्रकन उसवली. माइक शेजारीच होता, त्यामुळे तो आवाज सगळ्या मैदानानं ऐकला. झेंडावंदन झाल्यावर सोल सावरायला ते वाकले, तर पँटही मागून गेली. पोरं खदाखदा हसली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून, वर गाणं चिकटवून, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सुट्टीवर आलेला फौजी पुतण्या म्हणाला, ‘काका, पेन्शनवाल्यानं वर्दी घालायची नसते, केस होते.’ भरतीची तयारी करणारा १९ वर्षांचा मुलगा तर एवढंच बोलला, ‘पप्पा, पुढच्या वेळी साधे कपडे घाला.’

आता १५ ऑगस्टचं बोलावणं आलंय. ते विचारतात, ‘जाऊ की नको? ज्या वर्दीत २४ वर्षं काढली तिची मी चारचौघांत बेअब्रू केली. तिचं आता काय करू? कधी वाटतं, नेऊन कृष्णेत सोडावी.’

---

नमस्कार मेजर,

तुम्ही हवालदार होतात हे पत्रात वाचलं, तरी मेजर म्हणते. आपल्याकडं खांद्यावर ट्रंक घेऊन एसटीतून उतरलेल्या माणसाला गावाच्या वेशीवरच मेजरची बढती मिळते. त्याला ना कुठली परीक्षा असते, ना बोर्ड. गावानं दिलेला हा हुद्दा पेन्शनीनंतरही जात नाही आणि, माझा अंदाज आहे, बुटाचा सोल निघाल्यानंही गेलेला नाही. तपासून बघायचं असेल तर उद्या सकाळी दुधाच्या डेअरीवर जा आणि कोण कशी हाक मारतं ते ऐका.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे तुम्हाला कळेल. माझे वडील पलटणीत टेलर होते. सगळे त्यांना ‘मास्टर’ म्हणत. आमचं बालपण कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये, शिलाई मशीनच्या खडखडाटात गेलं. त्यामुळे बाकीच्या जगाला जी वर्दी परेडच्या मैदानावर दिसते, ती मी उलटी बघितली आहे. आतून. शिवण, अस्तर, दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड आणि कॉलरखाली लपवलेली सेफ्टी पिन. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आमच्या दाराशी रांग लागायची. कुणाची कंबर सुटलेली, कुणाचं बटण गेलेलं. एकानं तर इस्त्री विसरून गप्पा मारल्या होत्या आणि शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग घेऊन तो रडवेला उभा होता. (त्याला दुसऱ्याचा शर्ट मिळाला. कुणाचा, ते वडिलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.)

तेव्हा तुमच्या बाबतीत काय झालं ते आधी शिंप्याच्या नजरेनं बघू या. मानापमानाचं नंतर.

तुमची वर्दी सोळा-सतरा वर्षं ट्रंकेत होती. टेरीकॉटचं कापड सहसा दगा देत नाही, ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल. पण शिवणीचा दोरा सुती असला तर तो कापडाच्या आधी म्हातारा होतो. पावसाळ्यातली दमट हवा, उन्हाळ्यात तापणारा ट्रंकेचा पत्रा, पुन्हा पावसाळा. वरून काही दिसत नाही, घडी जशीच्या तशी असते. त्यात तुम्ही कांजी घालून शर्ट पुठ्ठ्यासारखा ताठ केलात, म्हणजे कापड जरासुद्धा सैल पडायला तयार नाही. मग हात वर गेल्यावर सगळा ताण कुठं येणार? काखेत. तिथं दोऱ्यानं मान टाकली. पँटीचंही तेच. २००९ मधली कंबर आज राहिलेली नाही, हे लिहायला तुम्ही लाजलात, पण शिवणीनं ते सांगून टाकलं.

बुटाचं तर आणखी गमतीचं आहे. आपल्याला वाटतं, वापरला नाही म्हणजे टिकला. काही सोलांचं नेमकं उलटं असतं. सोल पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतला ओलावाच त्याला आतून तोडत जातो. नुसत्या ठेवलेल्या बुटाचा सोल पाच-दहा वर्षांत ठिसूळ होतो आणि पहिल्याच दणक्याला निखळतो. नुसता चिकटवलेला सोल असला तरी डिंक कधी ना कधी वाळतोच. तुम्ही रात्री अकरापर्यंत वरचं चामडं चमकवत होतात, पण बूट वाकवून सोलाकडं कुणी बघितलंच नाही. आणि मग मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसानं थांबताना जसा आपटायला हवा तसाच पाय तुम्ही आपटलात. पाय हळूच टेकवला असता तर बूट वाचला असता. पण पाय हळूच टेकवणं तुम्हाला कुणी शिकवलंय का?

आता मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य खटकतंय. ‘मी वर्दीची बेअब्रू केली.’

हे वाक्य लिहिताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीत. पलटणीत असताना तुमची वर्दी कायम नीटनेटकी असायची ती तुमच्या एकट्याच्या शिस्तीमुळे, आणि आता ती बिघडली तर दोषही तुमच्या एकट्याचा. मेजर, असं कधीच नव्हतं. परेडला जायच्या आधी तुमची पाठ कोण बघायचं? आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणून तर बडी, म्हणजे जोडीदार जवान, असतो. बेरेट टोपी उजवीकडं नीट झुकली आहे का, पट्ट्याचा सुटा भाग लोंबतोय का, कॉलरमागं दोरा आलाय का, हे सगळं तो बघायचा आणि तुम्ही त्याचं बघायचात. त्यावर सेक्शन कमांडर, त्यावर सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, आणि या सगळ्यांच्या मागं आमच्या वडिलांसारखा एक माणूस सुई-दोरा घेऊन बसलेला. फौजेला माहीत असतं की बटणं तुटतात आणि शिवणी उसवतात, म्हणून तर एका माणसाची वर्दी सांभाळायला चार माणसं ठेवलेली असतात. २६ जानेवारीला तुम्ही त्यातलं एकही माणूस जवळ नसताना, घरातल्या कपाटाच्या आरशापुढं, एकटे परेडला उभे राहिलात.

खरं तर एकटे नव्हतात. बडी होती. तिनं इशाराही दिला होता. ‘शर्ट तटतटतोय’ याला आमच्या वडिलांच्या भाषेत इन्स्पेक्शन रिपोर्ट म्हणतात, आणि तो तुम्ही फाईलला लावून टाकलात. आज संध्याकाळी वहिनींना एवढं म्हणून टाका, की तुझं बरोबर होतं. त्यानं निम्मा भार उतरेल, असं मला बायकांच्या अनुभवावरून नाही, नवऱ्यांच्या अनुभवावरून वाटतं.

बेअब्रू म्हटलंच आहे तर एक जुनी गोष्ट आठवते. १९६२ च्या ऑक्टोबरात, चीनच्या युद्धात, नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) डोंगरांत आपले जवान सुती उन्हाळी कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. बर्फाच्या उंचीवर. वर्दीनं माणसाचा घात करणं म्हणजे काय ते तिथं झालं. त्याची लाज कुणाला वाटायला हवी होती, तर त्यांना तसं पाठवणाऱ्यांना. अंगात ते कपडे होते म्हणून त्या जवानांची अब्रू तसूभरही कमी झाली नाही. तुमच्या काखेतली शिवण त्याच्या पासंगालाही पुरत नाही हे तुम्हालाही कळतं. पण मनाला हे सांगून कळत नसतं, म्हणून पुढं जाऊ.

पोरांच्या हसण्याकडं. शाळेतल्या पोरांचं हसणं मी फारसं मनावर घेत नाही. झेंडावंदनाला तासभर उन्हात उभी केलेली पोरं मुख्याध्यापकांच्या शिंकेलाही हसतात. बुटाला जीभ फुटलेली बघून ती हसली नसती तर मला त्यांची काळजी वाटली असती. व्हिडिओचं मात्र वेगळं आहे. त्यावर गाणं लावणारा हात पोराचा असो की मोठ्याचा, त्यानं तो बसून, विचार करून लावला. तो राग तुमचा रास्त आहे आणि ‘सोडून द्या हो’ असं मी म्हणणार नाही. ग्रुपच्या अॅडमिनला फोन करून तो व्हिडिओ काढायला सांगा. स्वतः करा, पुतण्याकरवी नको. आवाज न चढवता, एकदाच. पण तो आणखी कुणाकुणाकडं गेला याचा माग काढत बसू नका. त्यात फक्त तुमचीच दमछाक होईल.

त्यापेक्षा पलटणीत अशा गोष्टींचं काय व्हायचं ते आठवा. आमच्या लहानपणी रिहर्सलच्या वेळी एका सुभेदारसाहेबांची पँट भर मैदानावर, मागून, वरपासून खालपर्यंत गेली. दोन जवान न सांगता त्यांच्या पाठीला इतके चिकटून उभे राहिले की जणू एकाच माणसाला सहा पाय. तशी ती वरात मैदान ओलांडून वडिलांच्या शेडपर्यंत आली. साहेब टॉवेल गुंडाळून दाराआड उभे, वडील मशीनवर, आणि ते दोन जवान बाहेर तोंड करून पहारा देत. दहा मिनिटांत पँट तयार. आम्हाला वाटलं, आता हे साहेब वर्षभर या शेडकडं फिरकायचे नाहीत. तर त्याच वर्षीच्या बड्या खान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, त्यांनी उभं राहून सगळ्या कंपनीला ही गोष्ट स्वतः सांगितली, हावभावांसकट. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्या वेळी पँट अधिक फाटली होती. तिसऱ्या वर्षापर्यंत गोष्टीत वादळ आलं होतं. त्यांच्यावर हसायची कुणाची टाप नव्हती, कारण हसायची वेळ कुठली ते साहेबच ठरवत होते.

१५ ऑगस्टला तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतीलच. सुरुवात त्या सोलानं करा. ‘मागच्या वेळी माझ्या बुटानं माझ्याआधी भाषण केलं’, असं काहीतरी. तुमच्या शब्दांत, तुमच्या भाषेत. त्यानंतर तो व्हिडिओ कुणी पाठवलाच, तर तो तुमच्या गोष्टीला जोडलेलं चित्र होऊन जाईल.

आता पुतण्या. तो म्हणाला केस होते. कायदा काय म्हणतो ते सांगते. जुन्या दंड संहितेतलं कलम १४० आता भारतीय न्याय संहितेत कलम १६८ झालंय. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. सैनिक नसलेल्या माणसानं, आपण सैनिक आहोत असं लोकांना भासवण्याच्या हेतूनं सैनिकासारखा पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात सगळं वजन ‘भासवण्याच्या हेतूनं’ या शब्दांवर आहे. ज्या गावात तुम्ही कुठल्या साली भरती झालात, कुठल्या साली आलात आणि पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते हे सगळ्यांना पाठ आहे, तिथं तुम्ही कुणाला काय भासवणार? रात्री झोपा निवांत.

पण पुतण्याला उडवूनही लावू नका, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. तो नोकरीत आहे आणि त्याच्या पिढीला हे वेगळ्या कारणानं शिकवलंय. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे आपल्याच लष्कराच्या पोशाखात आले होते. त्याआधी वर्षानुवर्षं कॉम्बॅट छापाचं कापड कुठल्याही बाजारात मीटरवर मिळायचं. त्याच्या टोप्या, पिशव्या, बारशाचे कपडेसुद्धा शिवले जायचे. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला जी नवी कॉम्बॅट वर्दी दिसली तिच्या छापाची लष्करानं नोंदणी करून घेतली, ती यासाठीच. म्हणजे पुतण्याच्या डोळ्यांपुढं तुम्ही नव्हतात, ‘वर्दी कोण घालतंय’ हा प्रश्न होता. फक्त त्यानं तो घरच्या ओसरीवर, जखम ओली असताना मांडला. वय लहान आहे, शिकेल.

मग आता करायचं काय? मला तीन वाटा दिसतात. एक, बोलावणं नाकारायचं. ही वाट सोपी दिसते, पण गावात न जाण्याचाही अर्थ लावतात, आणि तो तुमच्या गैरहजेरीत लावतात. दुसरी, वर्दी उसवून, मोठी करून, नवे बूट घेऊन पुन्हा तशीच घालायची. ही तुम्हाला मनातून हवी आहे हे मला पत्राच्या ओळींमधून दिसतंय. पण शिंप्याची मुलगी म्हणून सांगते, नको. बाजूच्या शिवणीत जेवढं कापड असतं त्यात दोन-तीन सेंटिमीटर सुटतील, सतरा वर्षं सुटणार नाहीत. आणि ती वर्दी ज्या अंगाची होती त्याच मापात राहू द्यावी असं मला वाटतं.

तिसरी वाट तुम्ही शेकडो वेळा पाहिली आहे, फक्त स्वतःसाठी तिचा विचार केला नाही. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. १९५३ मध्ये त्याच तारखेला आपले पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा निवृत्त झाले. त्या दिवशी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरपासून पुण्यापर्यंत जमलेली जुनी माणसं आठवा. गडद ब्लेझर, राखाडी पँट, पलटणीचा टाय, छातीवर मेडल. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या हातात काठी आहे, पण एकाचीही शिवण ताणलेली नसते, कारण कपडे आजच्या मापाचे असतात आणि मेडल तेव्हाची. ब्लेझर एकदा शिवला की लेकीच्या लग्नापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत कुठंही चालतो.

मेडलबद्दल मात्र मी हट्टी आहे. तुमच्याकडं सात आहेत असं लिहिलंत: सियाचिन ग्लेशियर, ऑपरेशन विजय, सैन्य सेवा, श्रीलंकेचं विदेश सेवा, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, २० वर्षांच्या सेवेचं आणि ९ वर्षांच्या सेवेचं. ती २६ जानेवारीला कुठं होती? पत्रात त्यांचा उल्लेख नुसता ‘डब्यात आहेत’ असा आहे. म्हणजे जे शर्ट-पँट फौजेनं सगळ्यांना वाटले ते तुम्ही घालून गेलात आणि जे फक्त तुमचं आहे ते डब्यात राहिलं. पुण्याच्या कॅम्पात, देवळालीत, बेळगावात पलटणीची कामं करणारे शिंपी आहेत, ते सातही मेडल एका पट्टीवर ओळीत बसवून देतात. डाव्या छातीवर, मानानं मोठं मेडल बटणांच्या बाजूला. तुमच्या ओळीत सियाचिन पहिलं आणि ९ वर्षांचं शेवटी. रिबिनी मळल्या असतील तर नव्या लावून घ्या. आणि मेडलना ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावून घासू नका. ती चकचकीत होतात खरी, पण कडेवर कोरलेलं तुमचं नाव आणि नंबर हळूहळू पुसट होतात.

राहिली सलामी. २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेनुसार झेंडा वर जाताना गणवेशातल्यांनी सलामी द्यायची, बाकीच्यांनी झेंड्याकडं तोंड करून सावधानमध्ये उभं राहायचं. तेव्हा ब्लेझरमध्ये तुम्ही नुसते सावधान उभे राहिलात तरी नियमाला धरूनच आहे. सावधान उभं राहायचं कसं हे त्या मैदानावर तुमच्याइतकं कुणालाच येत नाही. काखेवर ताणही नाही.

हे सगळं जमेल. शिंपी मिळेल, मेडल बसतील. मला खरी काळजी आहे ती त्या एका ओळीची, जी तुम्ही पत्राच्या शेवटाकडं, जाता जाता लिहिलीत. मुलाची.

पोरांचं हसणं तुम्ही चार ओळींत लिहिलं, पुतण्याचं बोलणं पाच ओळींत. मुलाचं वाक्य एका ओळीत लिहून लगेच विषय बदललात. मला वाटतं, लागलंय ते तिथं. तुम्ही ऐकलंत ते असं: माझ्या पोराला माझी लाज वाटली. असेलही तसं. १९ व्या वर्षी बापाच्या चालण्याची, खोकण्याची, मोबाइलवर मोठ्यानं बोलण्याचीसुद्धा लाज वाटते; त्यात सैनिक बाप आणि शेतकरी बाप असा भेद नसतो. पण त्याच वाक्याकडं दुसऱ्या बाजूनं बघा. हा मुलगा पहाटे उठून १६०० मीटर पळतोय, ते कशासाठी? ज्या कपड्यांची तो स्वप्नं बघतोय ते त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या अंगावर पाहिलेत. ते सगळ्या गावासमोर उसवताना बघणं त्यालाही सोपं गेलं नसेल. आणि तो अग्निवीर झाला तरी त्याच्या वाट्याला चार वर्षं आहेत. चारांतला एक पुढं राहणार, तिघं घरी. तुम्हाला २४ वर्षं मिळाली. हे गणित त्यानं तुमच्यापेक्षा जास्त वेळा केलं असणार. ‘साधे कपडे घाला’ म्हणणाऱ्या पोराच्या मनात तुमच्या पोटाबद्दल काय होतं आणि स्वतःच्या वर्दीबद्दल काय होतं, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. विचारलंत का?

समोर बसवून विचारू नका, तो ‘काही नाही’ म्हणेल. त्याला काम सांगा. शिंप्याकडं जाताना बरोबर न्या. १५ ऑगस्टच्या सकाळी मेडलची पट्टी त्याच्याकडून लावून घ्या, सरळ आहे का ते त्याला चार पावलं मागं जाऊन बघू द्या, आणि पाठ फिरवून त्याच्यापुढं उभे राहा. बडी असतो कशाला हे त्याला भरतीच्या अॅकॅडमीत अजून शिकवलं नसेल.

कृष्णेबद्दल एवढंच. नदीला टेरीकॉट पचत नाही, ती वर्दी खाली कुठल्यातरी बंधाऱ्याला अडकेल आणि पुन्हा कुणीतरी व्हिडिओ करेल. वर्दी धुवा, आणि या वेळी कांजी पूर्ण निघेपर्यंत धुवा. कांजीवर कसर येते आणि कापड चाटून टाकते. उसवलेल्या दोन्ही शिवणी त्याच मापात, नव्या पॉलिएस्टर दोऱ्यानं मारून घ्या. हवालदारीच्या तीन फिती आणि हॅकल (बेरेटवरचा तुरा) काढून वेगळ्या कागदात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा, कडुलिंबाचा पाला घाला, आणि वर्षातून एकदा दिवाळीआधी ऊन दाखवून घडी बदला. एकाच घडीवर ठेवलं की कापड तिथंच विरतं.

या विषयावर आणखी काही पत्रं आहेत, त्यांनाही इथंच उत्तर देते. एनसीसीतल्या ज्या मुलीची बेरेट परेड चालू असताना वाऱ्यानं उडाली आणि जी ती उचलायला रांग मोडून धावली, तिला: पुन्हा झालं तर थांबायचं नाही, वाकायचं नाही, चालत राहायचं. टोपी उचलायला मैदानाच्या कडेला माणसं असतात. आणि आतली डोरी डोक्याच्या मापाला बांधून घे, केसांची जाळी लावून बेरेट घातली तर उडत नाही. जिला उभ्या उभ्या चक्कर आली ती बहीण उपाशीपोटी गेली होती, हे तिनंच लिहिलंय. गुडघे ताठ आवळून उभं राहू नकोस, बुटात पायाची बोटं हलवत राहा, आणि सकाळी काहीतरी खाऊन, पाणी पिऊन जा. ज्या आईनं मुलाला फॅन्सी ड्रेससाठी आजोबांची मेडल डाव्या छातीवर लावली आणि एका माजी सैनिकाचं बोलणं खाल्लं, तिला: दिवंगत सैनिकाची मेडल घरच्यांनी लावायची ती उजव्या छातीवर, आणि तीही स्मारकावरच्या किंवा आदरांजलीच्या कार्यक्रमाला. फॅन्सी ड्रेसला नको. त्या गृहस्थांनी लहान मुलासमोर आवाज चढवायला नको होता, हे मात्र मीही म्हणते.

मेजर, मुख्याध्यापकांना आजच होकार कळवा. ब्लेझरला पंधरा दिवस लागतात आणि ऑगस्टच्या तोंडावर शिंपी हातघाईला आलेले असतात. आणि माप देताना पोट आत ओढू नका. आमचे वडील टेप कमरेला लावून गिऱ्हाइकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसायचे. मिनिटभरानं माणूस बोलता बोलता श्वास सोडायचा, आणि मग ते आकडा लिहून घ्यायचे.